वीस सेकंदांचा निरोप

दिवाळी अंकासाठी आपल्या कामाच्या आठवणी लिहा, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी गोंधळलेच. आमच्या कामाचं काही उरलेलंच नाही, तर आठवायचं काय? माझी एक मैत्रीण पाटबंधारे खात्यात होती, ती लोकांना धरण दाखवते. माझा नवरा गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत आहे. तो रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीकडे बोट दाखवून "हिच्यात आमचा ब्रेक आहे" असं सांगतो आणि पाहुण्यांना वात आणतो. मी मात्र चार वर्षं जिथे नोकरी केली, तिथे काहीही शिल्लक राहू न देणं हेच आमचं काम होतं. एकदाच शिल्लक राहिलं, तेही माझ्या चुकीमुळे. ते बरं झालं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला ठरवता आलं तर जरूर कळवा.

दोन हजार बाराच्या सुमारास आम्ही बॉनहून बर्लिनला आलो. बॉनमध्ये मी एका अवाढव्य कंपनीत सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेत असे. तिथे एका बटणाचा रंग बदलायचा तर तीन बैठका होत आणि रंग शेवटी तोच राहत असे. बर्लिनमध्ये मिळालेल्या कंपनीत माणसंच पाच होती. रस्त्यालगतच्या इमारतीखालून आत शिरायचं, मागच्या अंगणात, म्हणजे हिंटरहोफमध्ये, सायकलींच्या गर्दीतून वाट काढायची आणि दुसऱ्या मजल्यावर चढायचं. पूर्वी तिथे कुलपांचा कारखाना होता. मालक योनास माझ्याहून अकरा वर्षांनी लहान होता. पहिल्याच दिवशी त्यानं "मला नुसतं योनास म्हणायचं" अशी तंबी दिली. बॉनमधल्या सवयीनं महिनाभर माझ्या तोंडून त्याच्या आडनावाआधी 'हेर', म्हणजे 'श्रीयुत', निघतच असे, आणि तो दर वेळी मागे वळून आपले वडील आलेत का ते बघत असे.

आम्ही बनवत होतो त्या ॲपचं नाव होतं 'हाउख'. हाउख म्हणजे तोंडाची वाफ. थंडीत खिडकीच्या काचेवर वाफ सोडून बोटानं काहीतरी लिहावं आणि ते बघता बघता पुसलं जावं, तसं. कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी एक पांढरी चौकट असायची. तिच्यात दोन ओळी लिहायच्या आणि मित्राला पाठवायच्या. मित्राच्या चौकटीत एक राखाडी ठिपका उमटे. त्यानं ठिपक्यावर टिचकी मारली की निरोप दिसे आणि वीस सेकंदांनी कायमचा जाई. उघडलाच नाही तर तीन दिवसांनी आपोआप नाहीसा होई. फोटो नाहीत, हसरे चेहरे नाहीत, मागचं वाचायची सोय नाही. आणि हे फक्त टेबलावरच्या कॉम्प्युटरवर, फोनवर नाही. सगळं जग फोनकडे धावत असताना हे असं का, असं मी विचारलं, तर योनास म्हणाला, "गेनाऊ." म्हणजे 'अगदी बरोबर'. मी प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर 'अगदी बरोबर' कसं असू शकतं हे मला कळलं नाही, पण पुन्हा विचारायचं धाडसही झालं नाही.

माझी कामं दोन. एक, चाचण्या. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढणं. सासरी ज्याबद्दल बोलणी खावी लागतात, त्याचाच इथे पगार मिळत असे. दुसरं काम ग्राहकांच्या पत्रांना उत्तरं देण्याचं. बाकीचे चौघं विशीतिशीतले. वयस्कर माणसाचा फोन आला की ते हेडफोन चढवत, म्हणून ते खातं माझ्याकडे आलं.

त्या पत्रांमध्ये नव्वद टक्के मागणी एकच: माझा निरोप परत द्या. एक निवृत्त गृहस्थ दर महिन्याला नियमानं लिहीत, "सन्माननीय महोदया, मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आलेला माझा निरोप नाहीसा झाला आहे. कृपया बदली निरोप पाठवावा." मी लिहिलं की तो नाहीसा होण्यासाठीच असतो. त्यांचं उत्तर आलं, "समजलं. परंतु त्या विशिष्ट निरोपाबाबत मला पूर्वसूचना मिळाली नव्हती." एक बाई चष्मा सापडेपर्यंत निरोप थांबवून ठेवायची सोय मागत होत्या. मला ती मागणी रास्त वाटली. योनासला वाटली नाही.

आणि एकदा चक्क मराठीत तक्रार आली. एर्लांगेनला पीएचडी करणारा एक मुलगा होता. त्याच्या जर्मन पत्राला मी दिलेल्या उत्तराखालचं माझं नाव बघून त्यानं फोनच केला. "ताई, एक घोळ झालाय. मित्राला लिहायचं ते प्रोफेसरला गेलं. प्रोफेसरबद्दलच होतं."

"काय लिहिलं होतंस?"

"ते राहू दे ना, ताई. ठिपका मागे घेता येतो का?"

येत नव्हता. मी त्याला तीन दिवसांचा नियम सांगितला आणि विचारलं, प्रोफेसर आहेत कुठे? तो म्हणाला, "काल संध्याकाळीच उरलाउबवर गेले. दोन आठवडे." मी त्याला म्हटलं, मग शांत झोप. सुट्टीवर गेलेला जर्मन माणूस ऑफिसचा कॉम्प्युटर उघडत नाही, यावर मी घरदार पैजेला लावलं असतं. चौथ्या दिवशी ठिपका विरला. मुलगा डॉक्टर झाला आणि अजून दर दिवाळीला मला शुभेच्छा पाठवतो.

आता माझ्या चुकीकडे वळते. तिची सुरुवात माझ्या सासूबाईंपासून झाली, पण दोष त्यांचा नाही. त्या तीन महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. पुण्यात एका सरकारी कचेरीत त्यांनी तीस वर्षं मराठी टायपिस्ट म्हणून काम केलं होतं. मी त्यांच्यासाठी लॅपटॉपवर जुन्या टाइपरायटरची मराठी कळपाटी बसवून दिली, हाउख बसवलं, आणि त्या दिवसभर मला ऑफिसात निरोप धाडू लागल्या. "दूध उतू गेलं." "खालच्या बाई माझ्याशी बोलल्या, मी हसले." "तुझी लेक मला जर्मनमध्ये उलटून बोलते, अर्थ विचारला तर तोही जर्मनमध्ये सांगते." निरोप वाचून मी हसेपर्यंत तो जायचाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "अगं, याची ऑफिस कॉपी कुठे राहते?"

"कुठेच नाही, आई."

"कार्बन न लावता पत्र?" त्यांचा चेहरा पडला. "मग जे पुसूनच टाकायचं, ते लिहायचं कशाला?"

योनासला मी हा प्रश्न जर्मनमध्ये विचारला. तो म्हणाला, "गेनाऊ."

सासूबाईंच्या निरोपांमध्ये एक खोट निघाली. काही मराठी अक्षरं वाटेत कुठेतरी तुटून चौकोन व्हायची. आमच्याकडे दुसरं कुणी देवनागरीत लिहीतच नव्हतं, त्यामुळे ती कुणाला दिसणार? अक्षरं नेमकी कुठे तुटतात ते बघायला मी आमच्या यंत्राची रोजनिशी सुरू केली. आमच्या धंद्यात तिला लॉग म्हणतात. यंत्रातून जे जे जाईल ते ते त्यात उतरतं. चाचणीपुरती ती दहा मिनिटं सुरू करायची आणि लगेच बंद करायची, असा नियम. मी सुरू केली, अक्षरं कुठे तुटतात ते सापडलं, मला आनंद झाला, तेवढ्यात मुलीच्या शाळेतून तिला ताप आल्याचा फोन आला आणि मी कोट घालून धावले. रोजनिशी सुरूच राहिली. तीन आठवडे. फक्त सासूबाईंची नव्हे, सगळ्यांची.

त्याच तीन आठवड्यांत फ्राउ, म्हणजे श्रीमती, लिंडनर यांचा फोन आला. बॉनजवळच्या एका गावात राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज खणखणीत. रोज सकाळी बरोबर दहाला फोन करायच्या आणि "लिंडनर. नेहमीप्रमाणे मीच," अशी सुरुवात करायच्या.

त्यांची हकिगत अशी. गिझेला ही त्यांची मैत्रीण. दोघी तीस वर्षं एकाच गायनवृंदात गायल्या. गिझेलाचा नवरा वारला त्या दिवशी नव्हे, पण त्याला पुरलं त्या दिवशी वृंदाचा कार्यक्रम होता आणि एकटीनं गायची जागा फ्राउ लिंडनरना मिळाली होती. त्या गायल्या. अंत्यविधीला गेल्या नाहीत. त्यानंतर नऊ वर्षं दोघी बोलल्या नव्हत्या. अखेर फ्राउ लिंडनरच्या भाचीनं दोघींच्या कॉम्प्युटरवर हाउख बसवून दिलं. सहा आठवडे फक्त हवामान चाललं. "आमच्याकडे पाऊस." "इकडेही." मग एका मंगळवारी फ्राउ लिंडनरनी धीर करून विचारलं, "तू मला माफ केलं आहेस का?"

अकरा वाजून वीस मिनिटांनी उत्तर आलं. त्यांनी ठिपक्यावर टिचकी मारली आणि दाराची घंटा वाजली. पार्सलवाला होता. शेजारी घरी नसले की त्यांचं पार्सल आपण घ्यायचं, ही इथली रीत; न घेणं म्हणजे असभ्यपणा. त्यांनी सही केली, खोकं घेतलं, आत आल्या. चौकट पांढरी होती.

"मग पुन्हा विचारायचं ना," मी म्हटलं.

"लाज वाटली. उत्तर मिळालं आणि मी वाचलं नाही, हे कोणत्या तोंडानं लिहू? दोन दिवस विचार करत बसले. गुरुवारी गिझेलाला पक्षाघात झाला."

गिझेला वाचली होती. पण वाचा गेली होती आणि उजवा हातही. फ्राउ लिंडनरना भेटायला जायचं होतं. तिनं नाही म्हणून लिहिलं असेल, तर जाणार कशा? बिचारी बोलू शकत नाही, उठून जाऊ शकत नाही. नको असलेल्या माणसाला खाटेवर पडून सोसत राहील. आणि हो म्हणून लिहिलं असेल, तर न जाऊन दुसऱ्यांदा तोच अपराध. "त्या दोन ओळी मला द्या," त्या म्हणत. "जायचं की नाही, एवढंच मला कळायला हवं."

मी तीन वेळा सांगितलं, आमच्याकडे काही नसतं. अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. फोन ठेवल्यावर एकदा मला रडूही आलं, आणि योनासनं माझ्यासमोर सफरचंद आणून ठेवलं.

मग एका सोमवारच्या बैठकीत योनास म्हणाला, "तर, एक विचित्र गोष्ट आहे. यंत्राची डिस्क भरत आली आहे. आपण तर काहीच ठेवत नाही. मग भरते कशानं?"

बाकीचे तिघं तर्क लढवू लागले. मला रोजनिशी बंद केल्याचं आठवेना. मी जागेवर येऊन बघितलं. सगळं होतं. लोकांची भांडणं, प्रेमं, "येताना ब्रेड आण". मी फाइल तिथल्या तिथे बंद करायला हवी होती. पण मंगळवार आणि अकरा वीस हे मला इतक्या वेळा ऐकवलं गेलं होतं की हात आपोआप तिथे गेला. गिझेलाचं उत्तर एकाच ओळीचं होतं.

"माझं गुगेलहुप्फचं भांडं अजून तुझ्याकडेच आहे."

गुगेलहुप्फ हा मधे भोक असलेला उंच गोल केक. त्याचं खास भांडं असतं. मी ती ओळ चार वेळा वाचली. हे माफ केलं म्हणणं आहे, की आधी माझं भांडं परत कर म्हणणं आहे? वीस वर्षं या देशात राहून, भाषेच्या सगळ्या परीक्षा देऊन, मला त्या एका ओळीतून काही म्हणता काही कळेना.

मी योनासला जाऊन सगळं सांगितलं. तो पांढरा पडला. ओरडला नाही. त्यानं रोजनिशी बंद केली, फाइल स्वतःच्या हातानं कायमची पुसली, आणि म्हणाला, "सगळ्या ग्राहकांना कळवावं लागेल. या आठवड्यातच." मग विचारलं, "तू त्यातलं काही वाचलंस?"

"एक ओळ."

"कुणाची ते सांगू नकोस. ती विसर."

वीस सेकंदांत विसरण्याची सोय माणसात नसते, हे त्याला कोण सांगणार? घरी जाऊन चहा घेताना मी सासूबाईंना सांगितलं. नावं सांगितली नाहीत, बाकी सगळं सांगितलं.

"म्हणजे तू कार्बन लावून ठेवलास," त्या म्हणाल्या, आणि मला वाटलं त्यांना थोडा आनंदच झाला.

"आई, तुमच्या हातून इतकी गोपनीय पत्रं गेली. बदल्या, चौकश्या. तुम्ही कधी कुणाला सांगितलंत?"

"छे! टाइप केलेलं डोक्यात ठेवायचंच नाही." मग बशीत चहा ओतत म्हणाल्या, "एकदाच सांगितलं होतं."

"कुणाला?"

"ते कसं सांगू? गोपनीय होतं."

मी डोक्याला हात लावला. भांड्याचं मात्र त्यांना काहीच कोडं वाटलं नाही. त्यांच्या सोसायटीतल्या शेजारणीचा स्टीलचा डबा आणि यांचा पितळी डबा गेली कित्येक वर्षं एकमेकींच्या घरी आहेत. एकीचं भांडं दुसरीकडे आहे तोवर येणंजाणं आहे. "आणि भांडं रिकामं परत देतात का कुणी? काही नसलं तर चिमूटभर साखर घालून द्यायची," एवढं बोलून त्या टीव्हीकडे वळल्या. पण हे पुण्यातलं. बॉनजवळच्या गावातल्या रीती वेगळ्या नसतील कशावरून? माझा गोंधळ आणखीच वाढला.

मंगळवारी दहाला फोन वाजला. योनास समोरच्या टेबलाशी बसला होता. त्याला दहाचा फोन कुणाचा असतो ते माहीत होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, सायकलचं हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि बाहेर निघून गेला. सकाळी दहाला आमच्याकडे कुणी कुठेही जात नसे.

"लिंडनर. नेहमीप्रमाणे मीच."

"फ्राउ लिंडनर, मी तुम्हाला तीनदा सांगितलं की तुमचा निरोप आमच्याकडे नाही. ते खोटं निघालं. मला माहीत नव्हतं, पण खोटं निघालं. माझ्या चुकीनं सगळ्यांचे निरोप साठत होते. आता ते पुसले आहेत. तुमचा मी वाचला आहे."

"वाचून दाखवा," त्या म्हणाल्या.

दाखवायला काही नव्हतं. मी आठवणीतून सांगितलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"म्हणजे ती भांडं परत मागते आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आपली वस्तू परत घ्यायची आणि संपवायचं."

तसंही असेल. मला खरंच माहीत नव्हतं. जे माहीत नाही ते समजावून सांगायचा मला काय अधिकार? पण फोन ठेवून देणंही जमेना. मी म्हटलं, "त्याचा अर्थ मला कळत नाही. आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत, एवढंच मला माहीत आहे."

"भरून देतात?"

"हो. भरून."

त्यांनी फोन ठेवला. धन्यवाद नाही, निरोपाचे शब्द नाहीत. बुधवारी दहाला फोन वाजला नाही. कंपनी बंद झाली त्या दिवशी मी योनासला विचारलं, तू त्या मंगळवारी बाहेर का गेला होतास? तो म्हणाला, "चाकात हवा कमी होती." मला बोलू देण्यासाठी तो गेला, की खरंच हवा कमी होती, हे मला आजही कळलेलं नाही.

त्या आठवड्यात आम्ही सगळ्या ग्राहकांना पत्र धाडलं: आम्ही तुम्हाला वचन दिलं होतं, ते तीन आठवडे मोडलं गेलं, क्षमा असावी. मसुदा मीच लिहिला. शिव्यांचा पाऊस पडला आणि तो योग्यच होता. बदली निरोप मागणारे गृहस्थ खूश झाले आणि आपले तीन आठवड्यांचे निरोप मागू लागले. एर्लांगेनचा मुलगा विचारत होता, "ताई, माझा प्रोफेसरवाला त्यात नव्हता ना?" तो आदल्या वर्षीचा, त्यामुळे वाचला. बरेच लोक सोडून गेले. वर्षभरानं हाउख बंद पडलं. फोनवर नसल्यामुळे ते तसंही बंद पडलंच असतं, असं बाकीचे म्हणत. ते माझ्या समाधानासाठी म्हणत की खरं होतं, कोण जाणे. योनासनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

त्या पत्रानंतर साधारण महिन्यानं फ्राउ लिंडनर यांचं पत्र आलं. कागदाचं, रजिस्टर्ड, पोहोचेची सही घेणारं. टाइप केलेलं होतं. "आपली कंपनी ग्राहकांचे खाजगी निरोप साठवते आणि आपले कर्मचारी ते वाचतात, ही बाब अत्यंत गंभीर आहे. मी माझं खातं तात्काळ बंद करत आहे. माझी कोणतीही गोष्ट आपल्याकडे शिल्लक नसल्याची लेखी हमी द्यावी." त्यातला शब्दन् शब्द खरा होता. मी मान खाली घालून वाचत होते.

सहीखाली निळ्या शाईनं, हातानं लिहिलेलं होतं: "भांड्यात केक घेऊन गेले होते. गिझेलानं एक तुकडा खाल्ला, बाकीचा मी ताटलीत काढून ठेवला. निघताना तिनं रिकामं भांडं डाव्या हातानं माझ्याकडे सरकवलं. मला वाटलं हात चुकला, म्हणून मी ते परत तिच्याजवळ ठेवलं. तिनं पुन्हा सरकवलं. भांडं माझ्याकडे आहे. गुरुवारी जाते आहे."

सासूबाई एव्हाना पुण्याला परतल्या होत्या. मी फोनवर त्यांना त्या ओळी वाचून दाखवल्या. "मग?" त्या म्हणाल्या. "यात न कळण्यासारखं काय होतं?"

नियमाप्रमाणे मी लेखी हमी पाठवली: आपलं खातं बंद केलं आहे, आपली कोणतीही गोष्ट आमच्याकडे शिल्लक नाही. हे वाक्य लिहिताना त्यांचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. ते अजून माझ्याकडे आहे.